कॅमेऱ्याचा शून्य, मिक्सरचा शून्य
वाचकांचे प्रश्न : आवाज आणि एडिटिंग

प्रश्न : चवथीला आमच्या वाड्यावर घरोघरी घुमट या वाद्याच्या साथीनं आरती होते, तिचं शूटिंग मी करतो. जत्रेतल्या नाटकाचंही करतो. कॅमेऱ्यात आवाज मॅन्युअलवर ठेवून मीटरची पट्टी उणे १२ च्या आसपास (शून्य म्हणजे वरचं टोक) राहील असं बघतो. घरी दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिप टाकली की तोच आवाज उणे ३ ला जातो, कांसाळ्यांना (झांजांना) तर लाल दिवा लागतो. तीच क्लिप माझा मित्र प्रीमियरमध्ये उघडतो, तर त्याला ती तीन डेसिबलनं खाली दिसते. नाटकाला मिक्सरवरून लाइन घेतली की साउंडवाला म्हणतो, ‘झिरोवर दिलंय, बिनधास्त घे’, आणि आवाज फाटतो. खरं मीटर कुठलं? कॅमेरा आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे लेव्हल सारखं दिसायला काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या पत्रात तीन निरनिराळी दुखणी एकत्र आली आहेत. एकेक सोडवू या. कॅमेऱ्याचं बटण अर्धं फिरवून, सॉफ्टवेअरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) थोडा ओढून दोन्ही पट्ट्या जुळवण्याचा खटाटोप आधी थांबवा. त्यानं काहीही जुळत नाही, फक्त पुढच्या वेळी कुठे काय फिरवलं होतं ते आठवत नाही.

कार्डावरून फाइल कॉपी करताना आवाज वर-खाली होत नाही. कॅमेऱ्यानं जे आकडे लिहिले तेच सॉफ्टवेअर वाचतं. जुनी व्हीएचएस कॅसेट कॅप्चर कार्डातून आत घेत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे सिग्नल ॲनालॉग असतो आणि कार्डाचं इनपुट किती उघडलंय त्यावर लेव्हल ठरतं. (मिनीडीव्हीची कॅसेट फायरवायरनं घेतली तर मात्र आकडे जसेच्या तसे येतात. कपाटात अशा कॅसेटी पडून असतील तर टेप चिकटायच्या आत उतरवून घ्या.) तुमचं शूटिंग कार्डावर आहे. म्हणजे फरक आहे तो मीटर दाखवतं कसं यात, नाहीतर फाइल वाचल्यानंतर सॉफ्टवेअर तिचं काय करतं त्यात.

आधी कांसाळी. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून आरतीचे व्हिडिओ माझ्याकडे फोंड्याला एडिटिंगला बरेच येतात आणि दहातल्या आठांत हेच दुखणं असतं. आरतीचा भाग टाइमलाइनवर इतका झूम करा की एक सेकंद अख्ख्या स्क्रीनभर पसरेल. घुमट गोलसर, रुंद लाटेसारखा दिसेल. शामेळ या साथीच्या तालवाद्यावरची काठी जरा टोकदार. आणि कांसाळ्यांच्या जागी सुईसारखी एक उभी रेघ, आजूबाजूच्या आवाजाच्या दुप्पट-तिप्पट उंच, आणि तिच्या मागे झणझण करत विरत जाणारी शेपटी. ती सुई काही मिलिसेकंदांचीच असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं मीटर म्हणजे मोजून थोडे ठोकळे, तेही सेकंदाला काही वेळाच बदलणारे. सुई येऊन गेली तरी ठोकळ्याला पत्ता लागत नाही. सॉफ्टवेअर एकेक सॅम्पल (आवाजाचा नोंदलेला आकडा) तपासतं, सेकंदाला ४८,००० सॅम्पल, त्यामुळे त्याच्या तावडीतून ती सुटत नाही. कॅमेरा खोटं बोलत नाही, त्याला तेवढं दिसतच नाही.

मॅन्युअलमधला उणे १२ चा सल्ला बोलण्यासाठी ठीक आहे. कॅननच्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत तर स्पष्टच लिहिलेलं असतं की सगळ्यात मोठ्या आवाजाला पट्टी अधूनमधून १२ च्या खुणेपलीकडे जाऊ द्या. मुलाखत असेल तर असंच करा. आरतीला नको. आरतीत लय चढत जाते, शेवटच्या आरतीला सगळेच हात मोकळे सोडतात, आणि तुम्ही लेव्हल लावलेलं असतं पहिल्या ‘सुखकर्ता’ला. आरतीसाठी पट्टी उणे २० च्या आसपास ठेवा. फारच खाली वाटेल, वाटू द्या. १६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये तत्त्वतः ९६ डेसिबलची जागा असते. गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली वीस माणसं दाटीवाटीनं उभी असलेल्या खोलीत मुळातला गलकाच त्या तळापेक्षा कितीतरी वर असतो, तेव्हा नंतर आठ-दहा डेसिबल वाढवल्यानं काही बिघडत नाही. फाटलेली कांसाळी मात्र कुठल्याही प्लगइननं शिवता येत नाहीत. तशी जाहिरात असते, मला माहीत आहे.

आता मित्राचे तीन डेसिबल. बहुधा तुमच्याकडे क्लिप स्टीरिओ म्हणून वाचली जाते आणि त्यानं ती मोनो करून घेतली आहे. मोनो आवाज मधोमध ठेवला की तो डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांतून येतो, आणि दोन्ही मिळून मोठा वाटू नये म्हणून बरीच सॉफ्टवेअरं प्रत्येक बाजूला तो तीन डेसिबलनं कमी करतात. याला पॅन लॉ म्हणतात. उलटही होतं. तोच आवाज दोन ट्रॅकांवर एकावर एक पडला तर मास्टर मीटर सहा डेसिबलनं वर जातं. तेव्हा नेमका तीनचा किंवा सहाचा फरक दिसला की कॅमेऱ्याच्या नावानं बोटं मोडू नका, ट्रॅक मोजा. दोघांनी क्लिप एकाच पद्धतीनं वाचायची एवढं ठरवा, भांडण मिटेल.

राहिला तुमचा साउंडवाला. तो खोटारडा नाही. ॲनालॉग मिक्सरच्या मीटरवरचा शून्य म्हणजे नेहमीची कामाची पातळी, व्यावसायिक मिक्सरमध्ये अधिक ४ डीबीयू (डीबीयू हे तारेतल्या सिग्नलचं माप). त्याच्यावर अजून साधारण वीस डेसिबल जागा शिल्लक असते, म्हणून तो निर्धास्त. कॅमेऱ्याच्या मीटरवरचा शून्य म्हणजे शेवटचा आकडा, त्याच्यावर जागाच नाही. एक जण कुडवानं मोजतोय आणि दुसरा किलोनं, आणि दोघेही ‘एक’ म्हणतायत. अमेरिकन प्रथेत मिक्सरचा शून्य कॅमेऱ्यावर उणे २० ला बसवतात, युरोपात शून्य डीबीयूची पातळी उणे १८ ला. तुम्ही उणे २० धरा.

त्यातही एक गोम आहे. मिक्सरची लाइन तुम्ही कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घालत असणार. माइकचा सिग्नल लाइनपेक्षा चाळीस-पन्नास डेसिबलनं लहान असतो आणि ते भोक तेवढ्याच सिग्नलसाठी बनवलेलं असतं. तिथे लाइन घातली की आवाज आतल्या प्रीॲम्पमध्येच (सिग्नल मोठा करणाऱ्या पहिल्या टप्प्यात) फाटतो, लेव्हलच्या बटणापर्यंत पोचायच्या आधी. मग बटण खाली आणून मीटर उणे १५ दाखवेल, लाल दिवा लागणार नाही आणि आवाज तरी फाटलेलाच. अशा क्लिपची लाट बघा : वरची टोकं कापल्यासारखी सपाट असतात, पण शून्यापासून खूप खाली. कॅमेऱ्याला एक्सएलआर (तीन पिनांचं गोल सॉकेट) असेल तर खटका माइकवरून लाइनवर करा आणि माइकला वीज पुरवणारा ४८ व्होल्टचा फँटम बंद आहे ना बघा. साडेतीन मिलिमीटरचीच पिन असेल तर मध्ये सिग्नल लहान करणारा पॅड लावा, चाळीस डेसिबलची तयार केबल मिळते. मिक्सरला ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ असेल तर तिथून घ्या, ते साधारण बारा डेसिबलनं खाली असतं. पॅडची गरज तरीही राहतेच.

आता जुळवणी. नाटकाच्या दिवशी तिसऱ्या घंटेला केबल हातात मिळण्यापेक्षा तासभर आधी जा. साउंडवाल्याला १ किलोहर्ट्झचा टोन, म्हणजे एकसारखा वाजणारा सूर, लावायला सांगा. डिजिटल मिक्सरमध्ये टोन तयार करणारा ऑसिलेटर असतो, नसेल तर फोनमधल्या ॲपमधून टोन मिक्सरला द्या. त्याच्या मीटरवर टोन शून्यावर स्थिर झाला की तुमच्या कॅमेऱ्यावर बटण फिरवून पट्टी उणे २० ला आणा. बटणाला चिकटपट्टी लावा. अर्धा मिनिट टोन रेकॉर्ड करा. घरी ती क्लिप टाइमलाइनवर टाका, क्लिपचा गेन, ट्रॅकचा फेडर, मास्टरचा फेडर सगळं शून्यावर, आणि मीटर वाचा. (फेडरवरचा शून्य हा आणखी तिसरा शून्य. ‘काही बदल करू नको’ एवढाच त्याचा अर्थ. तो आणि मीटरवरचा शून्य एक समजून फेडर खाली ओढणारे मी रोज बघते.) उणे २० आलं तर कॅमेरा आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळलेले आहेत. उणे २३ आलं तर पॅन लॉ, उणे १४ आलं तर ट्रॅक दुहेरी. याशिवाय दुसरंच काही आलं तर तो तुमच्या कॅमेऱ्याच्या मीटरचा स्वभाव, तेवढा आकडा कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा.

टोनचा फायदा असा की तो स्थिर असतो, त्यामुळे सुस्त मीटर आणि चपळ मीटर दोन्ही त्याला एकच आकडा देतात. टोन जुळला आणि कांसाळी जुळली नाहीत, तर मीटर चुकलेलं नाही, सुस्त आहे. आरतीच्या घरी मिक्सर नसतो. तिथे फोनवर टोन लावून फोन माइकजवळ धरला तरी ही परीक्षा होते.

आणि तुमच्या कॅमेऱ्यात दोन चॅनेल वेगवेगळे लावता येत असतील तर दुसरा पहिल्यापेक्षा बारा डेसिबलनं खाली ठेवा. वरचा फाटला तर खालचा कामाला येतो. जत्रेच्या नाटकात खलनायक माइकला तोंड लावून गडगडाटी हसतो तेव्हा मला त्या खालच्या चॅनेलनं कित्येकदा तारलं आहे.

प्रश्न : कला अकादमीच्या भजनी स्पर्धेची तयारी म्हणून आमच्या पथकाची तालीम कॅमेऱ्यात घेतो. बुवा आलाप घेऊन थांबले की पंख्याचा आवाज हळूहळू मोठा होतो आणि पखवाजाची थाप पडली की सगळंच दबतं. एडिटिंगमध्ये लेव्हल सारखं कसं करू?
— साखळी

उत्तर : करू नका, जमणार नाही. कॅमेऱ्याचं ऑटो लेव्हल चालू आहे. शांतता झाली की ते गेन (आवाज किती वाढवायचा ते) वाढवतं, थाप आली की पाडतं, आणि हे सगळं फाइलमध्येच लिहिलं जातं. मेनूत जाऊन ऑडिओ मॅन्युअल करा, लिमिटर (ठरावीक मर्यादेवर आवाज रोखणारा) असेल तर चालू ठेवा, पखवाजाच्या चढत्या लयीला पट्टी उणे १५ च्या खाली राहील असं लावा. आणि पंखा बंद करा. उकडेल, पण तालीम आहे.

झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये जिथे पंखा फुगलाय तिथे हातानं कीफ्रेम (आवाज बदलण्याच्या खुणा) टाकून खाली आणा. सॉफ्टवेअरमधलं एका क्लिकचं ‘नॉर्मलाइझ’ अशा ठिकाणी प्रत्येक तुकड्याला वेगळं लावलंत तर आलाप आणि गजर एकाच उंचीचे होतील. बुवांनी जो चढउतार मुद्दाम केला तो तुम्ही सपाट करणार. भजनाला हे करणाऱ्यांचा मला रागच येतो.

प्रश्न : देवळातल्या प्रवचनाचं रेकॉर्डिंग मिक्सरवरून थेट कॅमेऱ्यात घेतलं. लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकलं तर जरा विचित्र, पोकळ वाटतं, पण ऐकू येतं. मीटरही छान हलतं. पण माझ्या साध्या फोनवर लावलं तर प्रवचनकारांचा आवाज जवळजवळ गायब, लांबून टाळ तेवढे ऐकू येतात. फाइल खराब झाली का?
— कुंकळ्ळी

उत्तर : फाइल चांगली आहे, केबल चुकीची आहे. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये तोच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. तुमच्या केबलीनं सुलटा डाव्या चॅनेलला आणि उलटा उजव्या चॅनेलला दिला. प्रत्येक चॅनेल वेगळा बघितला तर मीटर उत्तम. पण एकच स्पीकर असलेला फोन दोन्ही चॅनेलांची बेरीज करतो, आणि अधिक पाच नि उणे पाच यांची बेरीज शून्य. टाळ कसे उरले म्हणाल, तर दोन्ही चॅनेल तंतोतंत एकसारखे उलटे नसतात, थोडी गळती राहते.

दुरुस्तीला मिनिट लागतं. टाइमलाइनवर उजवा चॅनेल टाकून द्या आणि डावाच दोन्हीकडे वापरा. प्रीमियरमध्ये ‘फिल राइट विथ लेफ्ट’ हा इफेक्ट आहे, रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन क्लिप मोनो करून पहिला चॅनेल निवडा. पुढच्या वेळी मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेली छोटी डबी घ्या. तिनं हेही टळतं आणि जत्रेत कॅमेऱ्याचा अडॅप्टर विजेच्या वेगळ्या लाइनवर लावला की येणारी पन्नास हर्ट्झची घूंss पण जाते. डबी नसेल तर निदान कॅमेरा बॅटरीवर चालवा.

आणि काम देण्याआधी मोनोमध्ये एकदा ऐकायची सवय लावा. गावातली निम्मी मंडळी तुमचा व्हिडिओ एका स्पीकरच्या फोनवर किंवा ब्लूटूथच्या डबड्यावरच ऐकणार आहे.

प्रश्न : यूट्यूबला टाकताना शेवटचं लेव्हल किती ठेवायचं? काही जण उणे १४ म्हणतात, एका चॅनेलवाल्यानं उणे २३ मागितलं. माझं मीटर तर उणे ६ ला आहे!
— पेडणे

उत्तर : तुम्ही वाचताय ते शिखराचं मीटर. ते दोघे बोलतायत ते लाउडनेसबद्दल, म्हणजे पूर्ण कार्यक्रम कानाला सरासरी किती मोठा वाटतो. ते मोजायची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ मध्ये ठरवली आणि तिच्यावर युरोपियन प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) हा आकडा पक्का केला. यूट्यूबचा व्यवहार उणे १४ च्या आसपासचा आहे. त्याहून मोठं असेल तर ते आवाज खाली आणतं, लहान असेल तर वर नेत नाही. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे ‘कंटेंट लाउडनेस’पुढे अधिक आकडा दिसला तर तुमचा आवाज तेवढा कापला गेला, उणे दिसला तर तेवढे तुम्ही कमी पडलात.

बोलण्याचा व्हिडिओ उणे १४ ते १६, शिखर उणे १ च्या वर नको, लिमिटर मास्टरवर. नाट्यगीत किंवा मैफल असेल तर उणे १८ वर सोडून द्या, ऐकणारा आवाज वाढवेल. चॅनेलनं उणे २३ मागितलं तर मुकाट्यानं उणे २३ द्या. रिझॉल्व्ह आणि प्रीमियर दोन्हीत लाउडनेस मीटर आहे, क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवल्याशिवाय त्याचा आकडा खरा धरू नका.

प्रश्न : वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज सुरुवातीला चित्राशी जुळतो, पण दोन तासांच्या नाटकात शेवटाकडे ओठ आणि शब्द सुटे पडतात. दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झच आहे.
— काणकोण

उत्तर : दोन यंत्रांची दोन घड्याळं, दोघांचे ४८ किंचित वेगळे. एका क्षणात कळत नाही, दोन तासांत साचतं. दर अंकाच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवून घ्या, नाटक अंकाअंकानं तोडा आणि प्रत्येक अंक नव्यानं जुळवा. एका अंकातही सुटत असेल तर दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्हीकडे मोजा आणि रेकॉर्डरच्या क्लिपचा वेग तेवढ्या टक्क्यानं बदला, सूर न बदलण्याचा पर्याय चालू ठेवून. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद करू नका, टाळी त्याच्यावरच शोधायची असते.